वर्षभर घरची एचिंग प्रेस वापरल्यावर, आणि बडोद्याच्या भिंतींबद्दल

२०२४ च्या जानेवारीत मी घरी टेबलटॉप एचिंग प्रेस बसवली, म्हणजे रसायनाने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून कागदावर चित्र छापायचं छोटं यंत्र. आता डिसेंबर सरत आलाय, तेव्हा वर्षभराचा अनुभव सविस्तर लिहिते. सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समधून प्रिंटमेकिंग (छापचित्रकला) शिकून बाहेर पडलेली आणि बाहेर पडल्याबरोबर प्रेस हातातून सुटलेली मुलं बडोद्यात दर वर्षी असतात. कॅनव्हास कुठल्याही भिंतीला टेकवून रंगवता येतो. एचिंगचं तसं नाही, प्रेस नसली की प्लेट म्हणजे नुसता जस्ताचा पत्रा. घरी प्रेस घ्यावी का, हे त्यांच्यापैकी बरेच जण विचारतात, म्हणून आधी यंत्राबद्दल सांगते. शहराबद्दलची तक्रार नंतर. ती यंत्राच्या तक्रारींपेक्षा मोठी आहे.

प्रेस मी मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एका वर्कशॉपमधून बनवून घेतली. बेड, म्हणजे प्लेट आणि कागद ठेवून रोलरखालून सरकवायचा सपाट पाट, ४० बाय ७५ सेंटिमीटरचा, दाबासाठी दोन बाजूंना दोन स्क्रू, फिरवायला चार दांड्यांचं चाक. स्टँड धरून वजन शंभर किलोच्या आसपास. खर्च साठ हजारांच्या जवळ गेला, त्यात ब्लँकेट, म्हणजे रोलर आणि कागद यांच्यामध्ये घालायचे फेल्टचे थर, धरलेले नाहीत. पहिलं सांगणं हे की गिअरवाली घ्या. चाक थेट रोलरला जोडलेली प्रेस स्वस्त पडते, पण एचिंगला लागतो तेवढा दाब दिला की ओढताना खांदे भरून येतात. आणि मध्येच हात थांबला तर प्रिंटवर आडवी पट्टी उमटते. गिअर असला की चाक जास्त फिरवावं लागतं, पण बेड एका चालीने सरकतो.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं खुलाशाने. एचिंगमध्ये शाई प्लेटच्या पृष्ठभागावर नसते, रसायनाने खाल्लेल्या खाचेत असते. पृष्ठभाग कापडाने आणि मग तळहाताने पुसून काढायचा, खाचेतली शाई तेवढी ठेवायची. भिजवून मऊ केलेला कागद रोलरखाली त्या खाचेत शिरतो आणि शाई उचलून आणतो. कागदाला खाचेत ढकलण्याचं काम ब्लँकेट करतात. म्हणून यंत्रावर खर्च करून ब्लँकेटवर काटकसर करू नये. शुद्ध लोकरीचं विणलेलं फेल्टच हवं. बाजारात मिळणारं सिंथेटिक फेल्ट मी लावून बघितलं, बारीक रेषा त्यात दबून जातात. कागदातली खळ ब्लँकेटमध्ये मुरते आणि ते पुठ्ठ्यासारखे कडक होतात. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवायचे, पिळायचे नाहीत, आडवे पसरून वाळवायचे.

यंत्राचा दोष एकच, पण तो मुळातला आहे. बेडची पट्टी हवी त्याहून पातळ निघाली. उन्हाळ्यापर्यंत ती मधोमध किंचित वाकली, आणि मोठ्या प्लेटचा मधला भाग फिका उतरू लागला. वर्कशॉपने आधी मानलंच नाही. प्रिंट समोर ठेवले तेव्हा मानलं, पण बदलून द्यायला तयार झाले नाहीत. सध्या मी बेडवर मधल्या भागापुरते वर्तमानपत्राचे दोन कागद घालून काम भागवते. पोस्टकार्डाएवढ्या प्लेटला काही फरक पडत नाही. बनवून घेणार असाल तर बेडची जाडी कागदावर लिहून घ्या आणि पैसे देण्याआधी त्यावर पोलादी पट्टी उभी धरून फट दिसते का ते बघा.

घरात नायट्रिक ॲसिड आणू नका. त्याचा वायू फुप्फुसाला जाळतो, आणि कॉलेजमध्ये होती तशी धूर ओढून घेणारी सोय घरी नसते. मी जस्तासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि मीठ समभाग पाण्यात विरघळवून वापरते. जस्त झिजतं आणि मोरचुदातलं तांबं विटकरी गाळ होऊन प्लेटवर बसतं. तो पिसाने हलक्या हाताने सारत राहायचा, नाहीतर खाच एकसारखी उतरत नाही. तांब्याच्या प्लेटला मात्र हे चालत नाही, तिला फेरिक क्लोराइड लागतं. उतरलेलं मोरचुदाचं पाणी गटारात ओतायचं नाही. त्यात धुण्याचा सोडा घातला की तांबं तळाशी बसतं, तो गाळ वेगळा काढून साठवायचा. आपली गटारं शेवटी विश्वामित्रीला मिळतात, आणि त्या नदीत मगरी, कासवं, मासे राहतात. ॲक्वाटिंटसाठी, म्हणजे प्लेटवर करड्या छटा आणण्यासाठी, राळ उडवताना मास्क हवाच, कारण राळेची भुकटी श्वासावाटे गेली की दम्यासारखा त्रास होऊ शकतो.

हवामानाचं कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. मे महिन्यात बडोद्यात शाई इतकी पातळ होते की पुसताना खाचेतून बाहेर येते. तिच्यात थोडा मॅग्नेशियम कार्बोनेट मळावा लागतो. भिजवलेला कागद पंख्याखाली बेडवर ठेवेपर्यंत कडेने सुकतो. मी त्या महिन्यात पहाटेच काम केलं. पावसाळ्यात उलट, कागदावर बुरशीचे ठिपके.

आणि ऑगस्टचा पूर. विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा अकोट्याच्या आमच्या बाजूला तळमजल्यात पाणी शिरलं. प्रेस स्टँडवर होती म्हणून वाचली. खालच्या खणातले प्रिंट गेले, त्यांत माझ्या गुरूंनी दिलेला एक होता. पाणी ओसरल्यावर पहिलं काम रोलर पुसून तेल लावण्याचं केलं. दमट हवेत रोलरवर एका रात्रीत गंज धरतो, आणि गंजाचा प्रत्येक खळगा पुढे ब्लँकेटमधून कागदावर उमटतो. नदीच्या बाजूला राहणाऱ्यांनी प्रेस कमरेच्या उंचीवरच बसवावी, आणि कागद त्याहून वर.

आता शहराबद्दल. बडोद्यात छापचित्राची परंपरा नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. १९५० मध्ये सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्स सुरू झालं. मूळचे इंदूरचे ना. श्री. बेंद्रे इथे चित्रकला विभागाचे प्रमुख होते. चित्रकार ज्योती भट्ट साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये छापकला शिकून परत आले, आणि त्यांच्याकडे बघत पिढ्या तयार झाल्या. १९९९ मध्ये विद्यापीठाबाहेर ‘छाप’ ही छापचित्रांची कार्यशाळा उभी राहिली, जिथे स्वतःची प्रेस नसलेल्याला काम करता येतं. तरी शिकवण्यांच्या निमित्ताने मी ज्या घरांत जाते, कारेलीबागेत, मांजलपुरात, दांडिया बाजारात, तिथल्या भिंतींवर देवाचं कॅलेंडर असतं, लग्नाचा फोटो असतो, कॅनव्हासवर डिजिटल छापलेली फुलं असतात. या गावात राहणाऱ्या कुणा चित्रकाराच्या हातचं एचिंग क्वचितच दिसतं.

या वर्षी मी दोन ग्रुप शोमध्ये काम लावलं. हॉलचं भाडं, फ्रेम, छापील कॅटलॉग, चहा-नाश्ता, सगळ्याची वर्गणी कलाकारांनीच काढली. उद्घाटनाला आलेले जवळजवळ सगळे चित्रकार, त्यांचे विद्यार्थी आणि आमच्या घरचे. आम्ही एकमेकांची चित्रं बघतो, एकमेकांना चांगलं म्हणतो आणि घरी जातो. जे विकलं जातं ते मुंबई-दिल्लीकडे जातं, आणि तिकडे काय मागतात त्यावर इथला कलाकार पुढच्या वर्षीचं काम ठरवतो. एका गॅलरीवाल्यांनी मला सांगितलं की एडिशन, म्हणजे एका प्लेटच्या काढायच्या एकूण प्रती, पाचची ठेवा, म्हणजे किंमत चढवता येईल. या सल्ल्याचा मला फार राग आला, अजून आहे. एका प्लेटमधून पन्नास घरांत पोचण्याची ताकद ज्या माध्यमात आहे, त्याची प्लेट पाच प्रतींनंतर ओरखडे मारून बाद करायची, केवळ दुर्मीळ दिसावं म्हणून? मग कॅनव्हासच का रंगवू नये?

दुसऱ्या टोकाला आमचे फ्रेमवाले काका. माणूस प्रेमळ, काच कापण्यात हात बसलेला. सुरसागर तलावावरच्या एचिंगच्या तीन प्रती त्यांच्याकडे नेल्या तर तिन्ही शेजारी ठेवून म्हणाले, ‘बेन, आमां ओरिजिनल कयुं?’ (ताई, यातलं ओरिजिनल कोणतं?) मी म्हटलं, काका, तिन्ही. त्यांना पटेना. मी त्यांना घरी बोलावलं, प्लेट दाखवली, शाई भरून पुसली आणि चाक त्यांच्या हातात दिलं. कागद उचलल्यावर ते बराच वेळ बघत राहिले. त्यानंतर दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला एचिंग म्हणजे काय ते तेच समजावतात. ज्यांना आपण ‘कलेतलं कळत नाही’ म्हणून सोडून देतो त्यांना कुणी प्रेसजवळ नेलेलंच नसतं. ही आमच्या मंडळींवरची माझी सगळ्यात मोठी नाराजी आहे.

ज्या गावाने चित्र लोकांपर्यंत नेण्याचं काम कधीकाळी केलं त्याच गावात आपण बसलोय, म्हणून जास्त लागतं. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रं करवून घेतली हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत असतं. पण रविवर्म्याच्या चित्रांच्या छापील प्रती निघाव्यात, त्या लोकांपर्यंत जाव्यात, हे त्याला सुचवणारे सर टी. माधवराव हे बडोद्याचेच दिवाण होते, तंजावरच्या मराठी घराण्यातले. पुढे १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि लक्ष्मी-सरस्वती झोपडीपर्यंत पोचल्या. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात जा. एका मराठी दिवाणाने राहत्या घराच्या भिंती चित्रांनी भरून टाकल्यात. चित्राबरोबर राहण्याची सवय आपल्या पूर्वजांना होती. आज आमचा मराठी समाज नाटकाला तिकीट काढतो, गाण्याच्या मैफलीला आवर्जून जातो, दिवाळी अंक विकत घेतो. चित्र मात्र विकत घ्यायची वस्तू आहे हेच त्याच्या मनात येत नाही, आणि ते यावं म्हणून आम्हीही काही करत नाही.

फाइन आर्ट्सच्या मेळ्याची आठवण इथे काढायलाच हवी. त्या मेळ्यांसाठी के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखा मोठा चित्रकार लाकडाची खेळणी करत असे. शिक्षक आणि विद्यार्थी मिळून वस्तू बनवत आणि गावातली माणसं ती परवडणाऱ्या किमतीला घरी नेत. तसं काही पुन्हा जमवायला विद्यापीठाची वाट बघायची गरज नाही.

म्हणून दिवाळीच्या आधी मी एका मराठी मंडळाचा हॉल दोन संध्याकाळींसाठी मागितला. न्यायमंदिर (जुन्या न्यायालयाची इमारत) आणि मांडवी दरवाजा या शहरातल्या जुन्या वास्तूंच्या दोन छोट्या प्लेट केल्या, दोन्हींची एडिशन पन्नासची, किंमत सहाशे रुपये, फ्रेमशिवाय. प्रेसची खरी परीक्षा इथे झाली. प्रत्येक प्रतीसाठी शाई भरायची, पुसायची, कागद लावायचा, ओढायची. पन्नास प्रती म्हणजे अनेक दिवसांचं अंगमेहनतीचं काम. गिअर एकदाही अडकला नाही. दाबाचे स्क्रू मात्र हळूहळू सैल होतात, दर थोड्या प्रतींनंतर खुणा बघून पुन्हा बसवावे लागले. जस्तावरची रेषा पन्नासाव्या प्रतीपर्यंत टिकली, पण ॲक्वाटिंटचा करडा रंग पंचविसाव्या प्रतीनंतर विरळ व्हायला लागला. मोठी एडिशन करायची तर छाया ॲक्वाटिंटवर न सोडता रेषांच्या जाळीने आणावी, किंवा तांब्यावर काम करावं. ते महाग पडतं, पण जास्त टिकतं.

हॉलमध्ये मी दोरीवर चिमटे लावून प्रिंट टांगले आणि एका टेबलावर प्लेट, शाई, कापड मांडून ठेवलं. लोकांनी पहिल्यांदा प्लेटच हातात घेतली. बोट फिरवून बघितलं. न्यायालयात पूर्वी कारकुनी केलेले एक आजोबा न्यायमंदिराच्या प्रिंटसमोर उभे राहून कुठल्या खिडकीशी त्यांचं टेबल होतं ते नातीला दाखवत होते, आणि त्यांनी दोन प्रती घेतल्या, एक पुण्याच्या मुलासाठी. एका काकूंनी विचारलं, ‘ताई, हे धुळीने खराब नाही ना होणार?’ त्यांना काचेची फ्रेम कुठे करायची ते सांगितलं, भिंतीला ओल असेल तर तिथे लावू नका हेही सांगितलं. निम्म्याहून जास्त प्रती गेल्या. पैशाने फार सुटलं असं नाही. कागद, जस्त आणि शाई वजा केल्यावर मजुरी जेमतेम निघाली. पण या घरांमध्ये आता माझं काम लागलंय आणि ती घरं मला ठाऊक आहेत. दोन ग्रुप शोंनी मला हे दिलं नव्हतं.

काही मित्रांना हे आवडलं नाही. सहाशेला विकलंस तर आमच्या किमती पडतील, असं एकाने स्पष्ट सांगितलं. त्याची काळजी मी समजू शकते, त्याचं घर चित्रांवर चालतं. तरी मला ते पटत नाही. सहाशेचं एचिंग घेणारी माणसं त्याचं साठ हजारांचं कॅनव्हास घेणार नव्हतीच. त्यांच्यातल्या एखाद्याची नजर पुढे तयार झाली तर त्यालाच गिऱ्हाईक मिळेल.

पुन्हा घेतली असती का प्रेस? हो, गिअरवालीच, पण जाड बेडची आणि सुरुवातीलाच चांगल्या ब्लँकेटसकट. ए-थ्रीहून मोठं काम करणाऱ्याने घरी प्रेस घेण्यात पैसे घालू नयेत, छापसारख्या जागी जाऊन काम करावं. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने फरशी आणि जिना बघूनच विचार करावा, चार माणसांशिवाय ती हलत नाही. मी उत्तरायणानंतर (संक्रांतीनंतर) नवीन बेड टाकून घेणार आहे, दुसऱ्या वर्कशॉपमधून. ते झालं की रविवारी दुपारी प्रेस मोकळी असते. ज्यांच्याकडे प्लेट आहे आणि प्रेस नाही त्यांनी यावं, शाई आणि कागद आपापला आणावा, आणि येताना शेजारपाजारच्या एखाद्याला सोबत घेऊन यावं, चित्रकार नसलेल्या.