वीर सौध (१९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाचं स्मारक), टिळकवाडी, बेळगाव: एका मागवाल्याचं मत

वडगावात आमचे माग आहेत, म्हणून १९२४ च्या बेळगाव काँग्रेसकडं मी आधी सुताच्या बाजूनं बघतो. गांधीजी अध्यक्ष झालेलं हे एकमेव अधिवेशन, २६ आणि २७ डिसेंबरचं. इथल्या शाळेतल्या पोरालाही एवढं पाठ असतं. पण त्याच अधिवेशनात सभासद व्हायला चार आण्यांऐवजी महिन्याला २००० वार सूत द्यायचं ठरलं. सुताची एक लड ८४० वारांची, म्हणजे अडीच लडीसुद्धा नाहीत. मागावर ते बघता बघता संपतं. चरख्यावर काढायचं म्हटलं की वकील-डॉक्टरांचे खांदे भरून यायचे. कातायची तयारी नसेल त्यानं दुसऱ्यानं कातलेलं द्यावं, अशी सवलतही होती. कष्ट करणाऱ्याला सभासद मानायचं की पैसे भरणाऱ्याला, यावर देशातली मोठी माणसं आपल्या गावात बसून बोलली, याचं मला फार अप्रूप आहे.

काँग्रेस रोडवरच्या वीर सौधात जायचं ते यासाठी. अधिवेशनासाठी खणलेली विहीर तिथं आहे. अधिवेशनाच्या नगराला नाव दिलं होतं विजयनगर आणि विहिरीला पंपा सरोवर. आपण तिला काँग्रेस विहीर म्हणतो. आधी विहीर बघा, मग आतले फोटो. हजारो माणसांच्या पाण्याची सोय करावी लागली होती हे तिच्या काठावर पटतं, आणि स्वागताध्यक्ष गंगाधरराव देशपांडे, स्वयंसेवकांचे डॉ. हर्डीकर ही नावं मग नुसती नावं राहत नाहीत.

फोटोंत सगळे शेजारी शेजारी बसलेले दिसतात, पण तेव्हा काँग्रेस फुटायला आली होती. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंना कायदेमंडळात जायचं होतं, गांधीजींच्या जुन्या अनुयायांना ते मुळीच मान्य नव्हतं. बेळगावात तडजोडीवर शिक्कामोर्तब झालं: कायदेमंडळाचं काम दास-नेहरूंच्या स्वराज्य पक्षानं काँग्रेसच्या वतीनं करायचं, आणि त्या बदल्यात सूत. पोरांना घेऊन जाणाऱ्यांनी ही गोष्ट फोटोंसमोर उभं राहून सांगावी.

मी गेलो ते शेजारच्या अण्णांबरोबर. ते कन्नड, मी मराठी, सूत एकाच दुकानातून आणतो. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापना दिनी, ते राज्योत्सवात असतात, मी बेळगाव महाराष्ट्रात घ्या म्हणणाऱ्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोलत नाही. इथं मात्र बोललो, चांगलं तासभर. अण्णा म्हणाले, "इथंच आमच्या कर्नाटक एकीकरणाची पहिली परिषद झाली, माहीत आहे का तुम्हाला?" खरं आहे. १९२४ मध्येच, सिद्धप्पा कंबळी अध्यक्ष होते. मी म्हटलं, "अण्णा, १९४६ चं मराठी साहित्य संमेलनपण ह्याच गावातलं. माडखोलकर अध्यक्ष होते, संयुक्त महाराष्ट्राची मागणी तिथं झाली." त्यांना ते ठाऊक नव्हतं. कंबळींचं नाव मीही त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. साठी ओलांडलेली दोन माणसं, जन्म इथलाच, आणि दोघांनाही आपापली अर्धीच बाजू माहीत.

म्हणून चार तारे देतो, आणि पाचव्यासाठी एक मागणी करतो. या दोन सभांचं एक दालन इथं व्हावं. कंबळी आणि माडखोलकर समोरासमोर लावा. ठराव मूळ शब्दांत, मजकूर कन्नड आणि मराठी दोन्हींत, एकाच आकाराच्या अक्षरांत. कोण बरोबर ते खाली लिहू नका. समोर दोन बाक टाका. आमचा सीमेचा वाद रस्त्यावर आणि कोर्टात चालूच आहे. सगळे कागद पुढ्यात ठेवून बसायला जागा तेवढी नाही. अण्णांना ही कल्पना सांगितली तर म्हणाले, माडखोलकरांचा फोटो मोठा लावायचा नाही. मी म्हटलं, कंबळींचापण नाही.