लाँग क्यूटी जीन पॅनेल: केसीएनएच२ची तपासणी कितपत पुरते?

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा विद्युत आवेग संपवणाऱ्या आयकेआर प्रवाहाची पोटॅशियम वाहिनी (पेशीच्या आवरणातली वाट) केसीएनएच२ जनुकातून बनते. ती बिघडली की ईसीजीत क्यूटी, म्हणजे तो आवेग सुरू होऊन शमेपर्यंतचा वेळ, लांबतो: लाँग क्यूटी या आजाराचा दुसरा प्रकार. नमुना सोपा, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत २-३ मिली रक्त. हिरव्या झाकणाची नळी नको. तिच्यातलं हेपरिन पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची प्रक्रिया) अडवतं.

पॅनेलची, म्हणजे अनेक जनुकांच्या एकत्र तपासणीची, खरी पारख अहवालात. केसीएनएच२ जनुकात जी-सीचं (डीएनएच्या जी आणि सी या अक्षरांचं) प्रमाण जास्त असलेले भाग आहेत. तिथे वाचन विरळ पडतं. ते सँगरने (एकेक भाग वेगळा वाचण्याच्या पद्धतीने) भरून काढलेत का, हे विचाराच. अख्खा एक्सॉन (जनुकाचा प्रथिनाची माहिती असलेला तुकडा) गळलेला असेल तर साध्या सिक्वेन्सिंगमध्ये तो निसटू शकतो. एमएलपीए किंवा कॉपी-नंबर विश्लेषण (जनुकाच्या तुकड्यांच्या प्रती मोजणाऱ्या पद्धती) नसलेलं पॅनेल आम्हाला अपुरं वाटतं, किंमत कितीही कमी असो.

‘अनिश्चित अर्थाचा बदल’ आला तर केवळ त्यावरून नातेवाइकांना रुग्ण ठरवू नका. अहवाल नकारात्मक आला तरी आजार नाही असं होत नाही. लांबलेला क्यूटी दिसत असेल तर उपचार ईसीजीवरूनच ठरतात. निदान झालेल्यांनी पोटॅशियम उतरू देऊ नये, जुलाब-उलट्यांत तर नाहीच. झोपेच्या खोलीतला कर्कश गजरही काढून टाका; या प्रकारात अचानक आवाजाने हृदयाची लय बिघडू शकते.