सोनेरी पॉपी: सोनोराची की मोहावीची?

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटांत हिवाळी पाऊस चांगला झाला, तर फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वर्षायू पॉपी फुलतात. अफूच्या कुळातील या झाडांपैकी ॲरिझोनातील सोनोरा वाळवंटात सर्रास आढळणारी मेक्सिकन पॉपी आणि मोहावी वाळवंटातील एश्शोल्झिया ग्लिप्टोस्पर्मा या दोघींत नेहमी गल्लत होते. पाकळ्यांच्या रंगावर विसंबू नये, कारण मेक्सिकन पॉपीही कधी नारिंगी, तर कधी पिवळी असते. फुलाच्या देठाचे वरचे टोक पाहावे: मेक्सिकन पॉपीत पाकळ्यांच्या खाली थाळीसारखी पसरलेली कड ठळक दिसते आणि पाकळ्या गळल्यावरही ती कोवळ्या शेंगेच्या तळाशी राहते; मोहावीच्या पॉपीत अशी पसरट कड नसते. शिवाय मोहावीच्या पॉपीची बारीक चिरलेली पाने जमिनीलगतच झुबक्याने येतात आणि प्रत्येक पर्णहीन दांड्यावर एकच फूल उमलते.

लागवडीसाठी मी निःसंकोच मेक्सिकन पॉपीच सुचवेन, कारण तिचे बी सहज विकत मिळते. संरक्षित उद्यानातून मात्र बी कधीही गोळा करू नये. फिनिक्स वा टूसॉन येथील मराठी बागप्रेमींनी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, भरपूर उन्हाच्या आणि निचऱ्याच्या जागी, बी थेट जमिनीत विखरून वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. सोटमूळ दुखावते, म्हणून रोप तयार करून पुनर्लागवड टाळावी. मोहावीची पॉपी तिच्या रेताड माळावरच पाहावी.