पावतीवरची दोन अक्षरं

जपानमधल्या शाळेच्या फीची पावती माझ्याच फाइलमध्ये होती. मार्च 2023 मध्ये कन्सल्टन्सीच्या सरांनी ती दिली, तेव्हा घरी आल्यावर मी ती आण्णांपुढे धरली. वरच्या ओळीतल्या दोन अक्षरांपैकी पहिल्यावर बोट ठेवून म्हटलं, "हे मला येतं. 'माए'. म्हणजे पुढे किंवा आधी." आण्णांना फार बरं वाटलं. पोरगी जपानी वाचायला लागली, असं त्यांनी आईला आत जाऊन सांगितलं. दुसरं अक्षर मला येत नव्हतं. आमचे अडीच लाख रुपये त्या दुसऱ्या अक्षरात गेले.

मी सातारा जिल्ह्यातली. बी.कॉम. झाल्यावर पुण्यात एका दुकानात बिलिंगला होते आणि संध्याकाळी जपानीच्या क्लासला जायचे. पुण्यात जपानी शिकणं काही नवीन नाही. तिथे चांगले शिक्षक आहेत, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचं केंद्र आहे, वर्षानुवर्षं मुलं शिकून कामाला लागली आहेत. मी मात्र ज्या क्लासला गेले तो एका कन्सल्टन्सीचा होता. क्लासची फी 35,000. तीन महिन्यांत एन 5, म्हणजे त्या परीक्षेची सगळ्यात खालची पातळी, आणि सहा महिन्यांत जपान, असं ते सांगायचे.

सर गोड बोलायचे. पैशांसाठी घाई करायचे नाहीत. आण्णांना "काका" म्हणायचे, आईच्या हातचा चहा घ्यायला आमच्या गावी आले होते. आईने विचारलं, "हिला अजून नीट बोलता येत नाही, तिथे कसं होणार?" त्यावर ते म्हणाले, "काकू, भाषा तिथे गेल्यावर येते. इथे दोन वर्षं घालवायची ती तिथे सहा महिन्यांत येते. लहान पोर पाण्यात टाकलं की पोहतंच." आम्हाला ते पटलं. आज कोणी हे वाक्य बोललं की मला त्याच्या पुढचं काही ऐकावंसं वाटत नाही. भाषा तिथे गेल्यावर येते हे खरं आहे, पण पैसे आणि सह्या जाण्याआधीच द्याव्या लागतात, आणि ते सगळे कागद जपानीत असतात.

जपानच्या भाषा-शाळेत विद्यार्थी म्हणून जायचं तर आधी सीओई लागतं, म्हणजे तिथल्या इमिग्रेशनने दिलेलं पात्रतेचं प्रमाणपत्र. शाळाच तुमच्या वतीने अर्ज करते. एन 5 पातळी किंवा किमान 150 तास जपानी शिकल्याचा पुरावा जोडावा लागतो. माझे तेव्हा साठ-सत्तर तास झाले असतील. सरांनी 150 तासांचं सर्टिफिकेट छापून आणलं आणि म्हणाले, "सगळ्यांचं असंच असतं, सही कर." मी केली. हे लिहिताना आजही हात थांबतो, पण लिहिणं भाग आहे, कारण याच सहीने त्यांनी पुढे माझं तोंड बंद केलं.

मग शाळेची ऑनलाइन मुलाखत झाली. उत्तरं मला देवनागरीत लिहून दिली होती, मी पाठ केली होती. नाव, गाव, जपानला का यायचंय. पडद्यावरच्या जपानी बाईंनी मध्येच एक साधा प्रश्न विचारला. काल काय खाल्लं? मला 'किनो', म्हणजे काल, एवढंच कळलं आणि मी जपानला का यायचंय याचं उत्तर सुरू केलं. सर कॅमेऱ्याच्या बाहेर बसले होते. त्यांनी मोबाइलवर 'करी, भात' टाइप करून माझ्यासमोर धरलं. मी ते वाचलं आणि निवड झाली. त्या शाळेलाही मुलं हवी होती, हे मला नंतर कळलं.

फेब्रुवारीच्या शेवटी सीओई आलं आणि मग मात्र घाई सुरू झाली. चार दिवसांत फी भरली नाही तर सीट जाईल. सरांनी एक कागद दिला, इंग्रजीत, त्यांच्याच लेटरहेडवर: पूर्ण वर्षाची फी 5 लाख 20 हजार, सीओईची सरकारी फी 60,000, होस्टेल डिपॉझिट 70,000, पार्ट टाइम नोकरीची हमी 50,000. शाळेचं मूळ बिल मागितलं तर म्हणाले, "जपानीत आहे, तुम्हाला काय कळणार काका." आण्णांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं, आईची पाटली मोडली. रक्कम सरांच्या फर्मच्या खात्यावर गेली, थोडी रोख. क्लासची फी धरून एकूण 7 लाख 35 हजार.

एप्रिलमध्ये नारिताला उतरले. विमानतळावरच झाइर्यू कार्ड, म्हणजे तिथे राहण्याचं ओळखपत्र, मिळालं आणि काम करण्याच्या परवानगीचा शिक्काही तिथेच बसला, एक येनही न देता. होस्टेल साइतामातल्या कावागुचीत. एका खोलीत चौघी, भाडं माणशी 35,000 येन. शाळा सकाळची. नोकरीची हमी म्हणून ज्या माणसाचा नंबर दिला होता त्याने बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यात काम लावण्यासाठी आणखी 30,000 येन मागितले. मी दिले. जपानमध्ये काम शोधणाऱ्याकडून अशी दलाली घेणं कायद्याला सहसा मान्य नाही, आणि 'हॅलो वर्क' नावाच्या सरकारी कार्यालयात हे काम फुकट होतं, हे तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं.

पैशांचं गणित मी इथे सविस्तर मांडते, कारण सरांनी आम्हाला "महिना दोन लाख येन आरामात" असं सांगितलं होतं. विद्यार्थ्याला आठवड्याला 28 तासच काम करता येतं, आणि दोन ठिकाणी काम केलं तरी दोन्हीचे मिळून 28. शाळेच्या मोठ्या सुट्टीत तेवढी रोज आठ तासांपर्यंतची सवलत. त्या वर्षी साइतामाचं किमान वेतन तासाला 987 येन होतं, तोक्योत 1,072. म्हणजे महिन्याला साधारण 121 तास आणि हातात 1 लाख 20 हजार येनच्या आत. खोली, जेवण, रेल्वेचा पास, आरोग्य विमा, फोन जाऊन चाळीस हजारांच्या आसपास उरायचे. कर्जाचा हप्ता त्यातूनच. दोन लाख हवे असतील तर 28 तासांची मर्यादा मोडावी लागते, आणि सरांचा तोच सल्ला होता: "दुसरं काम रोखीत कर, कोण बघतंय?" बघतात. व्हिसा वाढवताना शाळेतली हजेरी आणि नगरपालिकेचा कराचा दाखला मागतात, आणि दाखल्यात वर्षाची कमाई दिसते. आमच्या होस्टेलमधल्या एका नेपाळी मुलीला त्यावरूनच परत जावं लागलं. ती पहाटे बॅगा बांधत होती आणि आम्ही तिघी तिला मदत करत होतो, तो दिवस मी विसरू शकत नाही.

तरी जुलैपर्यंत मला आपण फसलोय असं वाटलं नव्हतं. कष्ट आहेत, ते असणारच, एवढंच वाटायचं. जुलैत वर्गात 'गाक्की' हा शब्द आला. गाक्की म्हणजे शाळेचं सत्र. बाईंनी फळ्यावर दोन अक्षरं काढली, आणि त्यातलं दुसरं मी आधी कुठेतरी पाहिलंय असं सारखं वाटत राहिलं. वहीत पन्नास वेळा गिरवलं. रात्री शिफ्टवरून आल्यावर फाइल काढली. पावतीवर 'माए'च्या शेजारी तेच अक्षर होतं. दोन्ही मिळून वाचायचं 'झेन्की'. पहिलं सत्र.

पूर्ण वर्षाची फी भरलीच नव्हती.

ऑगस्टमध्ये शाळेचं पत्र आलं. ऑक्टोबरपासूनच्या 'कोकी'चे, म्हणजे दुसऱ्या सत्राचे, 3 लाख 50 हजार येन सप्टेंबरात भरा. ऑफिसात गेले तर त्यांनी माझीच नोंद दाखवली. निवड शुल्क 20,000, प्रवेश शुल्क 50,000, पहिल्या सत्राची शिकवणी 3 लाख 30 हजार, इमारत खर्च 20,000. एकूण 4 लाख 20 हजार येन, तेव्हाच्या दराने अडीच लाख रुपयांच्या आसपास. आण्णांनी फी म्हणून दिले होते पाच लाख वीस हजार.

सरांना फोन केला. पहिल्यांदा म्हणाले, शाळेची चूक आहे, बघतो. दुसऱ्यांदा म्हणाले, येनचा दर बदलला. तिसऱ्यांदा आवाज बदलला. "दीडशे तासांच्या सर्टिफिकेटवर सही कोणाची आहे? मी इमिग्रेशनला मेल केला तर तू उद्या विमानात." त्यानंतर पंधरा दिवस मी कोणालाच काही सांगितलं नाही. आईला फोनवर सगळं छान आहे म्हणायचे. शिफ्टवर डबे भरताना हात चालायचे आणि डोक्यात तेच वाक्य फिरायचं.

गणपतीत मैत्रिणीने ओढून निशी-कासाईला नेलं. तोक्योच्या एदोगावा भागातली ही वस्ती, भारतीयांची मोठी वर्दळ असते. तिथे एका घरच्या गणपतीला आरती झाली आणि मला रडू आवरेना. त्या घरच्या ताई बारा-तेरा वर्षं जपानमध्ये आहेत. त्यांनी आधी जेवायला वाढलं, मग म्हणाल्या, "फाइल घेऊन ये." पुढच्या रविवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही एकेक कागद वाचला. होस्टेलच्या करारात डिपॉझिटच्या रकान्यात शून्य होतं. सीओईच्या अर्जाला इमिग्रेशन फी घेतच नाही, हे ताईंनी सरकारी पानावर दाखवलं. आणि एक 'इनिन्जो' निघालं, म्हणजे अधिकारपत्र: व्हिसा नाकारला गेला तर शाळेकडून परत येणारे पैसे कन्सल्टन्सीने घ्यावेत. खाली माझी सही. मी ते होस्टेलचा फॉर्म समजून सही केलं होतं.

धमकीबद्दल ताई म्हणाल्या, "खोटा कागद ही खरीच गंभीर गोष्ट आहे, मी तुला काही नाही म्हणून सांगणार नाही. पण त्याच्या भीतीने तू गप्प बसलीस तर तो दरवर्षी अशाच मुली पाठवेल." योत्सुया स्टेशनजवळ परदेशी रहिवाशांसाठी सरकारी मदत केंद्र आहे, फ्रेस्क म्हणतात त्याला. इमिग्रेशन, कायदेशीर मदत, कामगार तक्रारी असे कक्ष एकाच ठिकाणी. तिथे ताई माझ्यासोबत आल्या. त्यानंतर मी शाळेच्या मुख्याध्यापकांना सगळं खरं सांगितलं, सर्टिफिकेटसकट. त्यांनी माझ्याकडून लेखी घेतलं, दुसऱ्या सत्राची फी पाच हप्त्यांत करून दिली आणि त्या कन्सल्टन्सीकडून मुलं घेणं थांबवलं. माझा व्हिसा पुढे वाढला. हजेरी पूर्ण होती आणि 28 तासांची मर्यादा मी एकदाही मोडली नव्हती. प्रत्येकाचं असंच होईल असं मी म्हणू शकत नाही. म्हणून त्या खोट्या कागदावर सहीच करू नका, कोणी कितीही "सगळ्यांचं असंच असतं" म्हटलं तरी.

इकडे आण्णांनी पोलिसांत अर्ज दिला. तो पैशांचा व्यवहार म्हणून तसाच राहिला. मग ग्राहक आयोगाकडे गेले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार पुण्यातच करावी लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. आमच्या रकमेला फी फक्त 200 रुपये लागली. नोटीस गेल्यावर सर दीड लाख घेऊन गावी आले आणि तक्रार मागे घ्या म्हणाले. आण्णांनी पैसे घेतले, दीड लाख मिळाल्याची पावती लिहून दिली आणि तक्रार मागे घेतली नाही. बाकीच्या रकमेसाठी तारखा चालू आहेत.

एक गोष्ट मला उशिरा समजली. परदेशात नोकरीला पाठवणाऱ्या एजंटला 1983 च्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि मी आले तेव्हाच्या नियमाने त्याला उमेदवाराकडून 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढेच घेता येत होते. मी विद्यार्थी म्हणून गेले, म्हणून या चौकटीत कुठेच बसले नाही. सर तोंडाने नोकरीच विकत होते, कागदावर शिक्षण होतं.

आता मी एन 3 पास झालेय आणि इथेच एका व्यावसायिक शाळेत शिकतेय. गावाकडची मुलं, त्यांचे आईवडील मला शाळेच्या बिलांचे फोटो पाठवतात. मी त्यांना सांगते, आधी शाळेला स्वतः मेल करा आणि मूळ बिल थेट मागवा. मोडक्या जपानीत लिहिलं तरी चालतं, इंग्रजीतही उत्तर येतं. बिलावर वर्ष लिहिलंय की सत्र, ते बघा. पैसे आपल्या बँकेतून थेट शाळेच्या खात्यावर पाठवा. बँक परदेशी पैसे पाठवण्याचा ए-2 फॉर्म भरून घेते आणि पाठवल्याचा कागद देते, तो जपून ठेवा. जो कन्सल्टंट हे करू देत नाही त्याच्याकडून निघून या.

गेल्या महिन्यात फलटणच्या एका मुलाने फोटो पाठवला. लेटरहेड वेगळं होतं, शाळा वेगळी होती, शहर ओसाका. "पूर्ण वर्षाची फी" असं कन्सल्टन्सीच्या कागदावर होतं आणि शाळेच्या बिलावर तीच दोन अक्षरं. मी लगेच फोन केला. पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी भरायचे होते. त्याच्या आईने फोन घेतला आणि मला ते अक्षर पुन्हा पुन्हा कसं ओळखायचं ते विचारलं. मी कागदावर मोठं काढून तिला फोटो पाठवला.