पैसा मुलामागे, प्रशिक्षकामागे की मैदानामागे? बडोद्यातल्या फुटबॉल संघासाठी सरकारी मदतीचे तीन रस्ते

दांडियाबाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथली पंधरा-सोळा मुलं जमवून कुणी फुटबॉलचा संघ काढला, की सहा महिन्यांत एक प्रश्न हमखास येतो: सरकारकडून काही मिळेल का? मिळतं. गेली काही वर्षं मी असाच एक संघ सांभाळतो आहे आणि तिन्ही दारं ठोठावून झाली आहेत. रक्कम किती आहे त्याआधी ती कुणाच्या मागे जाते ते बघा. गुजरात सरकारच्या खेल महाकुंभ या क्रीडास्पर्धेत पैसा मुलामागे जातो, केंद्र सरकारच्या खेलो इंडिया प्रशिक्षण केंद्रात प्रशिक्षकामागे, आणि खासदार निधीत जमिनीमागे.

खेल महाकुंभ सगळ्यात जवळचा. गुजरात सरकारने तो २०१० साली सुरू केला तेव्हा १६ खेळ आणि १३ लाख खेळाडू होते; २०१९ पर्यंत हाच आकडा ४० लाखांवर गेला. तुमची संस्था नोंदलेली नसली तरी मुलं उतरू शकतात, नोंदणी ऑनलाइन होते, आणि बक्षिसाची रक्कम थेट खेळाडूच्या बँक खात्यात जमा होते. संघाच्या हातात मात्र काही येत नाही. बॉल, गोलची जाळी, प्रशिक्षकाचं मानधन हे सगळं पुन्हा तुमच्याच खिशातून.

तरीही हे दार सोडू नका, कारण चमकणाऱ्या मुलाला इथूनच जिल्हास्तरीय क्रीडा शाळेचा, म्हणजे सगळे ज्याला डीएलएसएस म्हणतात तिचा, रस्ता मिळू शकतो. तिथे फी, राहणं, जेवण, किट, प्रशिक्षण सगळं सरकार बघतं. आमचा डावा विंगर असाच निवडला गेला. किटची बॅग घरी आली त्या संध्याकाळी त्याच्या आईने ती तीनदा उघडून बंद केली. नव्या बुटांतला कागद तिने काढू दिला नाही. त्या हंगामात आमची डावी बाजू उघडी पडली आणि दोन सामने हातचे गेले. पण ज्या घरी बूट घेताना महिन्याचा हिशेब मांडावा लागतो, त्या घरच्या मुलाला संघासाठी अडवून ठेवणं मला पटत नाही. तुम्हीही अडवू नका.

कागदांचं आधीच बघून ठेवा. बडोद्यातल्या मराठी घरांत हा घोळ असतोच: आधारवर वडिलांचं नाव ‘सुरेशभाई’, शाळेच्या दाखल्यावर ‘सुरेशराव’, जन्मदाखल्यावर नुसतं ‘सुरेश’. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. आमच्या गोलकीपरचं खातं उघडायला यापायी दीड महिना गेला, आणि त्या दीड महिन्यात त्याचे वडील चार वेळा अर्धा दिवस रजा टाकून बँकेत उभे राहिले.

आता खेलो इंडिया केंद्र. संघ टिकवायचा असेल तर माझं मत याच बाजूला आहे. २०२० साली जाहीर झालेल्या या योजनेत अशा प्रशिक्षण केंद्राला सामान आणि मैदानाच्या डागडुजीसाठी एकदाच ५ लाख रुपये, आणि पुढे दरवर्षी ५ लाख रुपये मिळतात. वार्षिक रकमेतला मोठा भाग प्रशिक्षकाच्या मानधनाचा. मुलांचा संघ फुटतो तो बॉल नसल्यामुळे नाही. प्रशिक्षकाला दुसरी नोकरी लागते, मग तो आठवड्यातून दोनदाच येतो, आणि मुलं पांगतात. हे मी दोनदा पाहिलंय. रोज संध्याकाळी साडेपाचला शिट्टी वाजली पाहिजे, आणि त्या शिट्टीसाठी पैसा देणारी या तिघांतली ही एकच योजना आहे.

अटी मात्र कडक. प्रशिक्षक माजी खेळाडू हवा: पहिली पसंती भारताकडून खेळलेल्याला, मग राष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळवलेल्याला, पुढे विद्यापीठ पातळीवरच्या पदकवाल्याला, आणि त्यानंतर वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत राज्याकडून उतरलेल्याला. म्हणजे संतोष ट्रॉफीत गुजरातकडून खेळलेला कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर आधी त्याच्या घरी जा. संस्था म्हणून अर्ज करायचा असेल तर किमान पाच वर्षं खेळाचं काम केलेलं दाखवावं लागतं. खेळायला जागाही हाताशी हवी. प्रस्ताव राज्य सरकारमार्फत जातो, त्यामुळे जिल्हा क्रीडा कचेरीत फेऱ्या होणार हे धरून चाला.

खासदार निधीबद्दल थोडक्यात. खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामं सुचवता येतात. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची. या पैशातून टिकाऊ वस्तू उभी राहते: कुंपण, पॅव्हेलियन, पाण्याची सोय. पगार किंवा स्पर्धेचा प्रवासखर्च यातून निघत नाही. आणि जागा कुणाच्या नावावर आहे हे स्पष्ट नसेल तर फाइल तिथेच थांबते. नवलखी मैदानासारख्या ठिकाणी किंवा महापालिकेच्या मोकळ्या प्लॉटवर सराव करणाऱ्या संघाने यावर वर्ष घालवू नये असं मला वाटतं.

तेव्हा संघ नवा असेल, ट्रस्ट झालेला नसेल, तर यंदा खेल महाकुंभ आणि सोबत धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत नोंदणीचा अर्ज. पाच वर्षं झाली असतील आणि तसा प्रशिक्षक मिळत असेल तर सगळी ताकद खेलो इंडियाच्या प्रस्तावावर लावा. शाळेचं स्वतःचं मैदान असेल तरच खासदारांकडे जा. पाच वर्षांच्या कामाचा पुरावा मात्र मागून तयार करता येत नाही. हजेरीची वही आज संध्याकाळच्या सरावापासूनच सुरू करा: तारीख, जन्मतारीख, आणि मुलाचं नाव आधारवर जसं आहे अगदी तसंच.