"दहा लाखांच्या आतला टीसीएस" वेगळा मागितला तर सरळ उठून या

आधी आकडा सांगते. ५७,०८० रुपये, मुलाचे पैसे परदेशी पाठवून देतो म्हणणाऱ्या एजंटने माझ्याकडून लाटलेले. त्यातले ५०,००० "टीसीएस" म्हणून (परदेशी पैसे पाठवताना आगाऊ घेतात तो आयकर) आणि ७,०८० "प्रायोरिटी स्विफ्ट व फाइल चार्ज" म्हणून, म्हणजे पैसे लवकर पोचवायचे. घेणारा दादरचा, मराठी, वाक्यागणिक ताई ताई करणारा. नाव टाकत नाही, कारण तक्रार चालू आहे आणि वकील म्हणाला गप्प बसा.

मुलगा जर्मनीला मास्टर्सला गेला. ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांना ब्लॉक्ड अकाउंट काय ते सांगायला नको, ११,९०४ युरो आधी तिथे भरायचे, मग पोराला महिन्याला ९९२ मिळतात. लोन घेतलं नव्हतं, माझ्या एफडी मोडल्या. आधी आपल्या बँकेतच गेले होते हो. काउंटरवरची मुलगी म्हणाली ए-टू फॉर्म, म्हणजे परदेशी पैसे पाठवायचा अर्ज, भरून ठेवा, फॉरेक्सचे सर रजेवर आहेत, रेट ते आल्यावर कळेल. इकडे व्हिसाची तारीख डोक्यावर. कन्सल्टन्सीवाल्यांनी या माणसाचा नंबर दिला, "आमचे सगळे स्टुडंट्स तिथूनच करतात".

जुलै २०२५ ची गोष्ट. त्याने आधी घाबरवलं. म्हणे ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे फी नाही, राहण्याचा खर्च, बँकेत चुकीचा पर्पज कोड (पैसे कशासाठी चाललेत त्याचा) पडला तर दहा लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस कापतात, मी एस०३०५ टाकून देतो, एज्युकेशनचे ५ टक्केच लागतील. आता यातला कोड खरा, २० आणि ५ टक्केसुद्धा तेव्हाचे खरे. म्हणूनच तर माणूस फसतो, शंभरातल्या नव्वद गोष्टी खऱ्या सांगायच्या आणि दहामध्ये हात मारायचा.

रेट १००.१५ दिला, म्हणजे ११,९२,१८६. कन्व्हर्जनवरचा जीएसटी १,०२५. दहा लाखांच्या वरच्या रकमेवर ५ टक्के, ९,६०९. एकूण १२,०२,८२०, तो ज्या फॉरेक्स कंपनीचं काम सांगत होता तिच्या खात्यात आरटीजीएस करा. इथपर्यंत सगळं चोख आणि हे पैसे व्यवस्थित पोचलेसुद्धा, उगाच खोटं कशाला बोलू. मग त्याने टेबलावरचा तो मोठा कॅल्क्युलेटर ओढला, दहा लाख गुणिले पाच टक्के केलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. ५०,०००. "ताई, वरचा टीसीएस कंपनी घेते, दहा लाखांच्या आतला आमच्या टॅक्स अकाउंटला येतो, सरकारचा पैसा मिक्स करता येत नाही. आणि जातोय कुठे, रिटर्नमध्ये सगळा परतच येतो."

तो कॅल्क्युलेटर अजून डोळ्यासमोरून जात नाही. बाकी प्रत्येक रकमेला सुटे रुपये होते आणि हा एकच आकडा गोल गरगरीत. शिक्षणासाठी पाठवलेल्या पैशांवर दहा लाखांच्या आत टीसीएस लागतच नाही! १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा सात लाखांची दहा लाख झाली, पेपरात आलं होतं, मी वाचलंही होतं. पण गुणाकार बरोबर आला की आमच्यासारख्यांचा जीव भांड्यात पडतो. मी गेली कित्येक वर्षं अकाउंट्समध्ये आहे हे लिहितानाही लाज वाटते, पण माझं काम जीएसटीचं, परदेशी पैसे पाठवणं माझ्या टेबलावर कधी आलंच नाही, आणि हा नियम २०२०, २०२३, २०२५ असा सारखा बदलतोय, तो कोणी पाठ करून ठेवायचा?

जीपे केलं तेव्हा नाव भलत्याच कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं आलं. विचारलं मी. म्हणाला "सीएचं खातं आहे, चलन तेच भरतात". मागे अजून दोघं आईबाप फाइल घेऊन उभे होते, चहा आला, पोरगा म्हणतोय आई लवकर कर. केलं.

आणि लगेच हातात फॉर्म २७डी, म्हणजे टीसीएस भरल्याचा दाखला! शिक्क्यासकट, ५९,६०९ चं सर्टिफिकेट. मला किती बरं वाटलं होतं. अहो, जुलै ते सप्टेंबरचं टीसीएस रिटर्न भरायची मुदत १५ ऑक्टोबर, सर्टिफिकेट त्यानंतर ट्रेसेसवरून, म्हणजे आयकर खात्याच्या साइटवरून निघतं. जुलैच्या पैशांचा २७डी जो जुलैमध्येच देतो त्याने तो स्वतःच्या प्रिंटरवर काढलेला असतो, हे पक्कं ध्यानात ठेवा.

पुढचं जास्त लागलं. टीसीएस पगाराच्या टीडीएसमधून वजा करून घेता येतो, त्यासाठी तेव्हा १२ बीएए फॉर्म द्यायचा, तो मी ऑफिसात दिला, ५९,६०९ चा. नोव्हेंबरमध्ये पेरोलचा मुलगा, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, २६एएसला तर ९,६०९ च दिसतंय." २६एएस म्हणजे आपल्या नावावर किती कर जमा झाला तो आयकर खात्याचा तक्ता. घरी आल्यावर आमचे हे म्हणतात, मला तेव्हाच शंका आली होती. आली होती तर तोंड कुठे ठेवलं होतं?

त्या माणसाचा फोन आधी वाजायचा, मग वाजेनासा झाला. ऑफिसला दुसऱ्याच कोणाचा बोर्ड.

आता आपल्या यंत्रणा बघा. कंपनी म्हणते तो आमचा स्टाफ नाही. मग त्याच्या फाइलवर तुमचं छापील कव्हर कसं, तर "एजंट लोक घेऊन जातात". कमिशन देताना ओळखता, नाही का? बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवले, पिन तुमचा. टॅक्सच्या हेल्पलाइनवर सांगतात ज्याने कापला त्याला विचारा. कापलाच नाही, खिशात घातला, हे समजावून सांगेपर्यंत कॉल कट. फायनान्सच्या तक्रारींच्या पोर्टलवरून उत्तर आलं की सदर व्यक्ती नियंत्रित संस्था नाही, सबब तक्रार बंद. म्हणजे लायसन्स असलेल्याने लुटलं तर तक्रार, बिनलायसन्सवाल्याला मोकळं रान! पोलीस स्टेशनला तर साहेबांनी सगळे कागद उलटेपालटे करून विचारलं, "मॅडम, मुलगा गेला ना जर्मनीला? मग फसवणूक कसली, हा सिव्हिल मॅटर." खोटं सरकारी सर्टिफिकेट समोर ठेवलंय, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम आहे फसवणुकीचं, आणि हे मला मुलाची खुशाली विचारतायत. शेवटी अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का कुठे ठेवलाय ते सापडेना. पोच घेतल्याशिवाय मी खुर्चीवरून उठले नाही, तुम्हीही उठू नका.

ज्यांचे पैसे अजून जायचेत त्यांनी कृपा करून एकच खातं धरा. ज्या बँकेच्या किंवा परवानाधारक कंपनीच्या नावाने इनव्हॉइस आहे तिच्याच खात्यात सगळे पैसे, टॅक्ससकट. दुसऱ्या खात्याचं नाव निघालं की संपलं, मग तो सीए असो नाहीतर सीएचा बाप. परवाना आहे की नाही ते रिझर्व्ह बँकेच्या साइटवरच्या यादीत बघा, भिंतीवरच्या फ्रेममध्ये नको. साधा मनी चेंजर नोटा देऊ शकतो, फी बाहेर पाठवू शकत नाही. ए-टू कोरा सही करून देऊ नका. मान्यताप्राप्त बँकेचं एज्युकेशन लोन असेल तर टीसीएस शून्य, त्यावर कोणी मागितला तर हसा आणि निघा. आणि पैसे गेल्याचं लगेच कळलं तर पहिल्या तासात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, मला कळेपर्यंत चार महिने गेले होते.

मी आता ई-जागृती पोर्टलवर ग्राहक आयोगाची तक्रार टाकतेय, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. एकटीच्या ५७,०८० ला कोणी विचारत नाही हे बघितलंय. त्या दिवशी माझ्या मागे उभे असलेले दोघं कोण होते ते मला माहीत नाही. २०२५ च्या जून-जुलैत दादरहून युरो पाठवलेल्या कोणाच्या फाइलमध्ये ५०,००० ची वेगळी पावती असेल, तर आज २६एएस उघडा, आकडा जुळत नसेल तर मला मेसेज करा, एकत्र जाऊ.