ऑन्कोटाइप डीएक्स कोलन टेस्ट: बाबांच्या रिपोर्टचा अनुभव, करण्याआधी हे वाचा

बाबांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, उजव्या बाजूचा भाग काढला, रिपोर्ट आला स्टेज टू, टी-३ (टी म्हणजे गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेलीय त्याची पायरी), लिम्फ नोड म्हणजे जवळच्या लसीका ग्रंथी १९ तपासल्या आणि एकातही कॅन्सर नाही. ऐकून आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला पण खरा पेच तिथूनच सुरू झाला. स्टेज वन असती तर केमो लागत नाही, स्टेज थ्री असती तर बहुतेकांना देतातच, स्टेज टू मात्र मध्येच लटकलेली. डॉक्टर म्हणाल्या, "ऑपरेशननेच बरेचजण बरे होतात, काहींना परत येतो, आणि ते काही कोण हे मायक्रोस्कोपखाली बघून दरवेळी सांगता येत नाही." तेव्हा या टेस्टचं नाव पहिल्यांदा ऐकलं. पाचपैकी तीन स्टार देतेय, का ते सांगते.

आधी टेस्ट काय आहे ते, कारण आमच्या घरात निम्म्या लोकांना वाटलं की ही आनुवंशिक टेस्ट आहे आणि आता आम्हा भावंडांनाही करावी लागणार. तसं नाहीये. जन्मतः आईबापांकडून काय आलंय ते ही बघत नाही, काढलेल्या गाठीत कुठली जीन्स किती जोरात कामाला लागलीत ते मोजते. जीन चालू असलं की त्याची आरएनए कॉपी तयार होते, जेवढं जास्त चालू तेवढ्या कॉप्या जास्त, त्या कॉप्या पीसीआरने मोजायच्या. एकूण १२ जीन्स. त्यातली ७ कॅन्सरशी संबंधित आणि ५ फक्त तुलनेसाठी, म्हणजे सॅम्पल जुनं असो नवं असो, आकडा त्यांच्या हिशोबाने जुळवून घेता यावा म्हणून. सातातली तीन पेशी किती भराभर वाढतायत ते सांगतात, केआय-६७ हे त्यातलंच एक. तीन जीन्स तर गाठीच्या भोवतालच्या आधार देणाऱ्या पेशींबद्दल आहेत, स्ट्रोमा म्हणतात त्याला, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटलं, की गाठ किती वाईट आहे हे नुसत्या कॅन्सरच्या पेशींवर नाही तर तिने आजूबाजूच्या पेशींना कसं कामाला लावलंय त्यावरही कळतं. उरलेलं एक पेशीवर ताण आला की जागं होणारं. सगळं मिळून ० ते १०० मधला एक रिकरन्स स्कोअर, म्हणजे कॅन्सर परत येण्याच्या धोक्याचा आकडा. २०१० मध्ये ही टेस्ट आली.

यासाठी पेशंटला काही करावं लागत नाही, ना सुई ना परत बायोप्सी. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात, तोच लॅबला जातो. मी तो हातात घेऊन बघितला, प्लास्टिकच्या छोट्या जाळीदार डबीवर पांढरट मेण, मध्ये नखाएवढा करडा डाग, कडेला पेन्सिलने नंबर. एवढ्याशा डागावर बाबांच्या पुढच्या सहा महिन्यांचा निर्णय होणार होता.

आमचा घोळ इथेच झाला. जिथे ऑपरेशन झालं तिथल्या पॅथॉलॉजीने चुकीचा ब्लॉक पाठवला, आतड्याच्या कापलेल्या टोकाचा, ज्यात गाठच नव्हती. सॅम्पल अपुरं म्हणून कळवलं गेलं, दुसरा ब्लॉक शोधायला, सही घ्यायला, पाठवायला ९ दिवस गेले. केमो द्यायची असेल तर ऑपरेशननंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत सुरू करायची असते, त्यामुळे हे ९ दिवस आमच्यासाठी फार होते. म्हणून सांगते, ब्लॉक जाण्याआधी काउंटरवरच विचारा की यात गाठ आहे ना आणि पॅथॉलॉजिस्टने स्वतः निवडलाय ना, संकोच करू नका.

रिपोर्ट आला. स्कोअर ३४. ताईने फोनवर आकडा ऐकला आणि रडायलाच लागली, तिला वाटलं ३४ टक्के, म्हणजे तीनात एकाला परत येतो. मलाही तेच वाटलं होतं. स्कोअर म्हणजे टक्केवारी नाही हे प्लीज लक्षात ठेवा! ३० च्या खाली कमी धोका, ३० ते ४० मधला, ४१ आणि वर जास्त. क्वासार नावाच्या मोठ्या ट्रायलमधल्या १,४३६ पेशंटच्या गाठींवर ही टेस्ट तपासली गेली, २०११ मध्ये ते छापून आलं, त्यात नुसतं ऑपरेशन झालेल्यांमध्ये तीन वर्षांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण कमी गटात १२ टक्के, मधल्यात १८, जास्त गटात २२ असं निघालं. म्हणजे बाबांचा ३४ हा साधारण १८ टक्क्यांच्या गटात. आता हेच तीन आकडे परत बघा. १२, १८, २२. यात फरक आहे, पण जमीन-अस्मानाचा नाही. जास्त धोक्याच्या गटातही शंभरातल्या ७८ जणांना तीन वर्षांत परत आला नाही, आणि कमी गटातल्या १२ जणांना आला. या टेस्टकडून हो किंवा नाही असं उत्तर मिळेल असं समजून जाल तर हाती निराशाच येईल.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे आणि दोन स्टार मी त्यासाठीच कापलेत. कॅन्सर परत येण्याचा धोका किती हे ही टेस्ट सांगते, केमोचा तुम्हाला फायदा होईल का हे सांगत नाही. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं पण नाहीये. त्याच अभ्यासात केमोचा फायदा ओळखण्यासाठी सहा जीन्सचा वेगळा स्कोअरही तपासला होता, तो चालला नाही. अमेरिकेतल्या एनसीसीएन या कॅन्सर हॉस्पिटलांच्या संघटनेच्या गाइडलाइनमध्येही, नुसत्या अशा जीन टेस्टवर केमोचा निर्णय घ्यावा एवढा पुरावा नाही असंच म्हटलेलं आहे. कोलोप्रिंट नावाची १८ जीन्सची टेस्ट आहे, तिचीही कथा बरीचशी अशीच.

मग उपयोग काय झाला? डॉक्टरांनी कागदावर आकडे मांडून दाखवले ते सांगते. बाबांसारखे शंभर लोक धरले तर नुसत्या ऑपरेशनवर १८ जणांना परत येईल, केमो दिली तर साधारण १४ जणांना. म्हणजे शंभर जणांनी सहा महिने केमो घ्यायची तेव्हा चौघांचा फायदा, आणि ते चौघे कोण हे आधी कोणीच सांगू शकत नाही. बाबा घड्याळं दुरुस्त करतात, चिमट्याने केसाएवढे पार्ट उचलतात. स्टेज टूला बहुतेक वेळा देतात त्या कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी काहींच्या तळहातांची आणि बोटांची साल निघते, आग होते. बाबांनी तो कागद बराच वेळ समोर ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टर, चारसाठी मी हात देणार नाही, पण तपासणीला दर तीन महिन्यांनी येईन, एकही चुकवणार नाही." स्कोअर ५५ आला असता तर कदाचित त्यांनी वेगळं ठरवलं असतं. टेस्ट केल्याचा मला पश्चात्ताप नाही, अंदाधुंद भीतीऐवजी समोर एक आकडा होता आणि बाबांना स्वतः ठरवता आलं.

आता कोणी करू नये ते. एमएमआर टेस्ट (गाठीतल्या पेशींची डीएनएमधल्या चुका दुरुस्त करायची यंत्रणा शाबूत आहे का ते बघणारी) झाली नसेल तर आधी ती करा, ती चार प्रोटीनची साधी तपासणी असते आणि त्याच ब्लॉकवर होते. एमएमआर डेफिशियंट, म्हणजे ती यंत्रणा बिघडलेली, आलं तर स्टेज टूमध्ये परत येण्याचा धोका मुळातच कमी असतो आणि नुसत्या फाइव्ह-एफयू प्रकारच्या केमोचा (कॅपेसिटाबिनही त्यातलंच) फायदाही दिसत नाही, मग १२ जीन्सच्या मागे कशाला धावायचं. गाठ टी-४ असेल, किंवा आतडं बंद पडून वा फुटून इमर्जन्सी ऑपरेशन झालं असेल, तर धोका जास्त आहे हे आधीच माहीत असतं. नोड १२ पेक्षा कमी तपासले असतील तर स्टेजच पक्की नाही, तिथे आधी पॅथॉलॉजिस्टशी बोला. उरले टी-३ आणि एमएमआर प्रोफिशियंटवाले, म्हणजे यंत्रणा शाबूत असलेले, बाबांसारखे, त्यांनाच खरा उपयोग.

आणि आज नव्याने ठरवत असाल तर सीटीडीएनएबद्दलही विचारा. ती रक्ताची टेस्ट, ऑपरेशननंतर रक्तात गाठीचे डीएनएचे तुकडे उरलेत का ते बघते. २०२२ मध्ये डायनॅमिक ट्रायलचे निकाल आले, स्टेज टूचे ४५५ पेशंट होते, या टेस्टवरून ठरवलं त्या गटात १५ टक्के लोकांना केमो दिली, नेहमीच्या पद्धतीने ठरवलं त्यात २८ टक्क्यांना, आणि दोन वर्षांनी कॅन्सरशिवाय असलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. आम्हाला त्यावेळी कोणी हे सांगितलं नाही, मला वाटतं सांगायला हवं होतं.

अजून एक, टेस्ट झाल्यावर ब्लॉक परत मागून घ्या. पुढे कधी दुसरी तपासणी लागली तर तोच लागतो. बाबांच्या ब्लॉकची मेणाची डबी त्यांच्या फाइलमध्ये छोट्या पाकिटात आहे, वर बाबांनीच घड्याळाच्या पार्टना लिहितात तशा बारीक अक्षरात नंबर आणि तारीख लिहिलीय.